विद्यापीठाच्या खिडक्या



विद्यापीठ म्हटले म्हणजे आपल्या बोलण्यात परीक्षा येतात, पदव्या येतात, शुल्कवाढ येते, कुलगुरूंची नेमणूक येते. खिडक्या काही येत नाहीत. तेव्हा एका सबंध व्याख्यानाला खिडकी हा विषय घ्यावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु अलीकडे बांधलेल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इमारतीत भर दुपारी बारा वाजता जाऊन पाहा. बाहेर डोळे दिपवणारे ऊन असते, आणि आत वर्गात पडदे ओढून दिवे लावलेले असतात. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यातली विसंगती आपल्याला जाणवेनाशी झाली आहे. ज्या देशात वर्षातले सात-आठ महिने आकाश निरभ्र असते, त्या देशात विद्यार्थ्याने दिवसा दिव्याखाली का वाचावे?

हा प्रश्न केवळ विजेच्या बिलाचा नाही. अभ्यासक्रम चुकला तर पाच वर्षांनी बदलता येतो. चुकीच्या दिशेला तोंड करून उभी केलेली इमारत वळवता येत नाही. ती पन्नास-साठ वर्षे तशीच राहते, आणि तेवढी वर्षे तिच्यात मुले बसतात. त्यांतली कित्येक अशी असतात की ज्यांच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही, धड टेबल नाही. महाविद्यालयाचे वाचनालय हीच त्यांची अभ्यासाची जागा. शिवाय या इमारती तुमच्याआमच्या करांतून आणि देणग्यांतून बांधल्या जातात. म्हणून हा विषय वास्तुविशारदांच्या परिषदेपेक्षा नागरिकांच्या व्याख्यानमालेत मांडणे मला अधिक योग्य वाटते.

प्रारंभी आपल्या भाषेकडेच वळू. मराठीत ऊन आणि उजेड हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि कोणतीही गृहिणी त्यांची गल्लत करीत नाही. पापड उन्हात वाळत घालायचे आणि तांदूळ उजेडात निवडायचे, हे तिला सांगावे लागत नाही. शास्त्राच्या भाषेत ऊन म्हणजे सूर्याकडून सरळ येणारे किरण आणि उजेड म्हणजे आकाशात, ढगांत, भिंतींवर विखुरून सर्व बाजूंनी येणारा प्रकाश. आपल्याकडच्या इमारतीची सारी विद्या या एका वाक्यात सांगता येते: उजेड आत घ्यावा, ऊन बाहेर ठेवावे. उत्तर युरोपात ऊनही हवेसे असते, म्हणून तिकडची खिडकी निराळी. तिकडची खिडकी इकडे आणून बसवली, की पडदे ओढणे आणि दिवे लावणे हे ओघानेच आले.

आता थोडे आकडे. प्रकाश मोजण्याचे माप लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास प्रकाश असतो. वाचण्यासाठी टेबलावर सुमारे ३०० लक्स असावा असे मानतात. भर उन्हात मोकळ्या मैदानावर एक लाख लक्स असतो. त्याच वेळी झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभे राहिलो, तर दहा-पंधरा हजार. म्हणजे सावलीत येणारा उजेडसुद्धा वाचनाला लागणाऱ्या प्रकाशाच्या तीसपट-चाळीसपट आहे. बाहेर सावलीत जे आहे, त्याचा तिसावा-चाळीसावा हिस्सा वहीपर्यंत पोचवायचा, एवढेच काम खिडकीला करायचे आहे. आपल्या भारतीय मानकाने तर हिशेब आणखी सावधपणाने केला आहे. सूर्य क्षितिजापासून केवळ १५ अंश वर असताना निरभ्र आकाशापासून मिळणारा ८००० लक्स उजेड त्याने आधाराला धरला आहे; म्हणजे त्याचा एक टक्का आत पोचला तर ८० लक्स मिळाले. ३०० लक्ससाठी पावणेचार टक्के पुरतात, आणि दिवसाच्या बऱ्याच वेळी आकाश याहून अधिक देते.

मग हा हिस्सा टेबलापर्यंत पोचत का नाही? बहुतेक वेळा खोली खिडकीच्या मानाने खोल असते म्हणून. एक जुना ठोकताळा असा आहे, की खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुपटी-अडीचपटीपर्यंत उपयोगी उजेड आत जातो. माथा सात फुटांवर असेल तर चौदा ते साडेसतरा फूट. आता चोवीस फूट खोल वर्ग घ्या. मागच्या सात-दहा फुटांतल्या मुलांना दिवा लावण्यावाचून गत्यंतर नाही. खिडकी कितीही रुंद करा, काही उपयोग नाही. परंतु तीच खिडकी दहा फुटांपर्यंत उंच नेली, की चोवीस फुटांचा प्रश्न बराचसा सुटतो. उजेड आत जातो तो खिडकीच्या वरच्या भागातून. खालच्या भागातून मुख्यतः अंगण दिसते. (तेही दिसावे, विद्यार्थ्याने अधूनमधून बाहेर पाहिले तर विद्येचे काही नुकसान होत नाही.)

आपल्या जुन्या इमारतींत हे ज्ञान होते, आणि त्याला कारण होते. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा १८६९ ते १८७८ या काळात बांधले गेले. नकाशे गिल्बर्ट स्कॉट यांचे, आणि ते स्वतः मुंबईत कधीच आले नाहीत. तरीही त्या इमारतीला उंच छत, उंच खिडक्या आणि कमानींचे सज्जे आहेत. विजेचे दिवे नव्हते, तेव्हा सूर्याशी जमवून घेण्यावाचून इलाजच नव्हता. आपल्या वाड्यांचा चौक, कोकणातली पडवी आणि कौलांमध्ये मधूनच बसवलेले काचेचे कौल, हीही त्याच गरजेतून निघालेली युक्ती. या गोष्टींचे आपण कौतुक करतो; पण त्या सौंदर्यासाठी नव्हे, नडीपोटी सुचल्या हे विसरतो. पुढे नळीचा दिवा स्वस्त झाला, छताची उंची दर मजल्याला दोन-तीन फुटांनी कमी झाली, आणि मधोमध बोळ व दोहोंकडे वर्ग असा आराखडा रूढ झाला. त्या बोळात दिवसाही रात्र असते.

दिशेचा विचार मात्र थोडा सावकाश करू, कारण येथेच सर्वांत मोठ्या चुका होतात. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. डिसेंबरच्या अखेरीस, सूर्य अगदी दक्षिणेला असतो तेव्हाही, दुपारी तो क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. याचा अर्थ, चार फूट उंच दक्षिण-खिडकीवर साडेतीन-पावणेचार फुटांचा छज्जा किंवा तेवढी पडवी असली, तर दुपारचे ऊन वर्षभरात कधीही त्या काचेला शिवत नाही. दक्षिण बाजू आपल्याकडे वाटते तितकी कठीण नाही. उत्तर बाजू सर्वांत सोपी. फक्त लक्षात ठेवायचे, की मे ते जुलै या काळात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे जातो. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस जे शून्य सावलीचे दिवस येतात, त्यांच्या मधला हा काळ. तेव्हा सूर्य पूर्वेपासून पंचवीस अंश उत्तरेला उगवतो आणि उत्तरेच्या खिडकीतही सकाळी-संध्याकाळी तिरपे ऊन येते. त्याला बाजूची एक उभी भिंतुली पुरते.

खरी वैरीण पश्चिम. दुपारी चारनंतर सूर्य खाली उतरलेला असतो, आणि त्याच्यापुढे कोणताही छज्जा लंगडा पडतो. तिकडे जिने, स्वच्छतागृहे, भांडारे ठेवावीत, झाडे लावावीत, खिडक्या लहान ठेवाव्यात. आणि आपण काय करतो? रस्ता पश्चिमेला असेल तर दर्शनी बाजू पश्चिमेला, आणि दर्शनी बाजू म्हणजे जमिनीपासून गच्चीपर्यंत काच. उन्हातली दीड-दोन चौरस मीटर साधी काच म्हणजे खोलीत चालू ठेवलेली एक हजार वॉटची इस्त्री समजा. अशा पन्नास इस्त्र्या सुरू करायच्या, आणि मग त्यांची उष्णता बाहेर काढण्यासाठी गच्चीवर वातानुकूलन यंत्रे बसवायची! काच गडद केली तर उष्णता काही प्रमाणात अडते. पण उजेडही अडतो, आणि पुन्हा दिवे लागतात. माझ्या मते आपल्या हवेत बिनसावलीचा काचेचा पडदा हा श्रीमंतीचा नव्हे, आळशी विचाराचा पुरावा आहे.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या इतिहास विभागाची इमारत १९६८ साली पूर्ण झाली. जेम्स स्टर्लिंग हे तिचे वास्तुविशारद, मोठ्या प्रतिभेचे गृहस्थ. पंख्याच्या आकाराचे वाचनालय आणि त्यावर उतरत आलेले प्रचंड काचेचे छप्पर, अशी ती कल्पना. आराखडा तयार झाल्यावर जागेच्या अडचणीमुळे संपूर्ण इमारत नव्वद अंशांत वळवावी लागली, आणि काचेचे तोंड उन्हाकडे आले. उन्हाळ्यात वाचक भाजून निघत, हिवाळ्यात कुडकुडत; छप्परही गळे. १९८४ च्या सुमारास ती पाडूनच टाकावी की काय, इथपर्यंत गोष्ट गेली होती. अखेर दुरुस्तीवर निभावले. ध्यानात घ्या, की केंब्रिज ५२ अक्षांशांवर आहे. तेथे डिसेंबरात दुपारचा सूर्य अवघा चौदा अंश वर येतो. त्या मवाळ सूर्याने जर एवढे केले, तर आपल्याकडील वैशाखाचा सूर्य काय करील?

छतातून उजेड घ्यायचाच असेल, तर तो कसा घ्यावा याचा धडा मुंबईच्या गिरण्यांनी शंभर वर्षे गिरवला आहे. गिरणगावातली ती करवतीच्या दात्यांसारखी छपरे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असतील. दात्याची एक बाजू उतरती व बंद. दुसरी उभी, काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. मागावरचा तुटलेला धागा दिसला पाहिजे, पण त्याच्यावर ऊन पडता कामा नये, अशी ती योजना. सपाट छतात आडवी काच बसवणे हा आपल्याकडे सर्वांत वाईट उपाय, कारण मे महिन्यात सूर्य नेमका तिच्यावर उभा असतो.

ही गिरणीची युक्ती विद्येच्या कामी किती सुरेख लावता येते, याचे उदाहरण अहमदाबादेत आहे. आणि ते ज्यांनी घडवले ते बाळकृष्ण दोशी जन्माने पुणेकर. १९२७ साली ते येथे जन्मले, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम करून १९५४ नंतर अहमदाबादेत स्थायिक झाले. २०१८ साली वास्तुकलेतले प्रित्झ्कर पारितोषिक त्यांना मिळाले. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ च्या जानेवारीत ते निवर्तले. १९६२ साली त्यांनी वास्तुकलेची जी शाळा सुरू केली, तिची इमारत १९६८ च्या सुमारास उभी राहिली. आज ती सेप्ट विद्यापीठाचा गाभा आहे.

साधी विटांची इमारत. समांतर जाड भिंती, त्यांवर काँक्रीटची छते. गिलावा नाही, रंग नाही. तळमजल्याचा बराच भाग मोकळा सोडलेला, वारा आरपार जाईल असा. वर विद्यार्थ्यांच्या चित्रशाळा दुहेरी उंचीच्या. त्यांच्या माथ्यावर उत्तरेकडे तोंड केलेली तिरपी काच. तिच्यातून आलेला उजेड वरून खाली झिरपत आतल्या टेबलांपर्यंत पोचतो. दक्षिणेच्या खिडक्या भिंतींच्या पोटात मागे सारलेल्या, म्हणजे भिंतच छज्जाचे काम करते. वाऱ्याची नेहमीची दिशा पाहून इमारतीचे तोंड ठरवलेले. यात महागडे असे काही नाही. वीट, काँक्रीट, काच आणि होकायंत्र. रेखाचित्र काढणाऱ्या मुलाच्या कागदावर हाताची काळी सावली पडू नये, हा त्या सगळ्या योजनेमागचा अगदी घरगुती हेतू.

त्याच शहरात भारतीय व्यवस्थापन संस्थेची इमारत अमेरिकेचे लुई कान यांनी बांधली. दोशींच्याच आग्रहावरून त्यांना १९६२ साली बोलावण्यात आले. १९७४ साली अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले, आणि राहिलेले बरेचसे काम मुंबईचे अनंत राजे यांनी पुढे नेले. कान यांची रीत वेगळी. बाहेर उन्हाला तोंड देणारी विटांची भिंत, तिला प्रचंड गोल भोके व कमानी. प्रत्यक्ष खोल्यांची काच त्या भिंतीच्या मागे, सावलीत. ऊन पहिल्या भिंतीशी थांबते, उजेड दुसरीपर्यंत जातो. आपल्या ओसरीचाच हा विटांतला अवतार म्हणता येईल. वसतिगृहे तिरपी मांडली ती वारा मिळावा म्हणून. पण उघड्या विटांची निगा कठीण असते आणि २००१ च्या भूकंपाचाही या इमारतींना उपद्रव झाला. डिसेंबर २०२० मध्ये अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा विचार संस्थेने जाहीर केला, जगभर ओरड झाली, आणि जानेवारी उजाडताच तो मागे घेण्यात आला; २०२२ साली पुनर्बांधणीचा विषय पुन्हा निघाला. उजेडाचे गणित बरोबर असले म्हणजे विटेचे गणित आपोआप बरोबर येते असे नाही, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

दोशींनी पुढे बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेत बोळाचाच उद्धार केला. दगडी भिंतींमधून लांबच लांब वाटा. त्या कुठे उघड्या आकाशाखाली, कुठे काँक्रीटच्या जाळीखाली, कुठे काचेच्या छताखाली. वर्ग सुटला की मुलगा उजेडात येतो, पुढे सावलीत जातो, पुन्हा उजेडात येतो. जी जागा इतरत्र अंधारी असते, तीच तेथे रेंगाळण्याची झाली. आपल्या पुण्यात विद्यापीठाच्या आवारात चार्ल्स कोरिया यांनी बांधलेले आयुका पाहा. काळ्या दगडाच्या भिंती आणि मध्ये पायऱ्यांचा उघडा चौक. आर्यभट आणि न्यूटन ज्या अंगणात पुतळ्यांच्या रूपाने उभे आहेत, त्या अंगणाने भोवतालच्या वास्तूला आकाश दिले आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा, की आजचे एलईडी दिवे इतक्या थोड्या विजेवर चालतात, मग एवढा खटाटोप कशाला? यात तथ्य आहे. जुना तारेचा दिवा एका वॉटला बारा-पंधरा लुमेन प्रकाश देई. आजचा दिवा शंभराच्या वर देतो, म्हणजे जवळजवळ आकाशातल्या उजेडाइतकाच थंड. पूर्वी उजेड घेण्यात जी मोठी बचत होती, ती तेवढी राहिली नाही. पण उन्हाची काच टाळण्यात जी बचत आहे ती जशीच्या तशी आहे, कारण ती वातानुकूलनाची बचत आहे. आणि दुसरे कारण डोळ्यांचे व शरीराचे. २००२ च्या सुमारास असे सिद्ध झाले, की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी पाहण्यासाठी नसून दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी आहेत. शरीरातल्या या घड्याळाच्या यंत्रणेवरील संशोधनाला २०१७ चे नोबेल मिळाले. दिव्याचे तीनशे लक्स वाचायला पुरतात; त्या घड्याळाला मात्र ते अंधुकच वाटतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर नेले. तीन वर्षांनी दूरचे न दिसण्याचा दोष इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांत नव्याने आढळला, या शाळांत ३०.४ टक्के. हा प्रयोग लहान मुलांचा आणि उघड्या आकाशाचा आहे. खिडकीतल्या उजेडाने तेवढे साधेल असे मी म्हणणार नाही. पण उघडे चौक आणि उघड्या वाटा कशासाठी, याचे उत्तर त्यात आहे.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा: पडद्यावर चित्रे दाखवायची तर अंधार हवा. अंधार हवा तो फळ्याकडच्या पाच-सहा फुटांत. तेवढ्या भागाला खिडकी ठेवू नये, किंवा झडप ठेवावी. सगळा वर्ग अंधारा करण्याची गरज नाही. आणि येथेच एक अगदी क्षुल्लक, फुकटची गोष्ट सांगतो. दिव्यांच्या रांगा खिडकीला समांतर लावाव्यात आणि प्रत्येक रांगेला वेगळे बटण द्यावे. मग खिडकीजवळची रांग विझवून आतली तेवढी लावता येते. बहुतेक ठिकाणी रांगा आडव्या असतात आणि बटण एकच. मागच्या कोपऱ्यातल्या एका मुलासाठी सगळा वर्ग पेटवावा लागतो. छत पांढरे ठेवणे हीसुद्धा अशीच फुकटची गोष्ट. आणखी थोडा खर्च झेपत असेल, तर खिडकीच्या दोन-तृतीयांश उंचीवर एक आडवी पांढरी फळी बाहेर काढावी. तिच्या वरचा उजेड छतावर उडतो आणि आत खोलवर जातो. तिच्या खाली बसणाऱ्याला कवडशाचा त्रास होत नाही. ही उजेडाची फळी धुळीने माखली की काम करीत नाही, हे मात्र खरे.

तिसरा आक्षेप नियमांचा. नियम आहेत. इमारतींतील ऊर्जाबचतीची संहिता आपल्याकडे २००७ साली आली, आणि २०१७ च्या आवृत्तीत नैसर्गिक उजेडाच्याही अटी घातल्या गेल्या. पण नियमाचा कागद भरून घेणारे कार्यालय आणि त्या खोलीत बसणारा विद्यार्थी यांची गाठ पडत नाही. गाठ पडते ती संस्थेच्या कार्यकारी मंडळात, जिथे नकाशा टेबलावर पसरतात आणि सभासद दर्शनी चित्र पाहून मान डोलावतात. आपल्यापैकी कितीतरी जण अशा मंडळांवर असतील, किंवा त्यांना देणगी देत असतील. त्यांनी नकाशावरचा उत्तरेचा बाण आधी शोधावा. मग विचारावे: काचेची सर्वांत मोठी भिंत कोणत्या दिशेला आहे, आणि मे महिन्यात दुपारी चार वाजता तिच्यावर सावली कशाची पडणार? वर्गाची खोली किती आणि खिडकीचा माथा किती उंच? जिन्यात व बोळात दिवसा दिवा लागेल का? वास्तुविशारदाकडे या प्रश्नांची उत्तरे असतील तर तो आनंदाने देईल; चांगल्या वास्तुविशारदाला असे प्रश्न क्वचितच विचारले जातात. आणि इमारत झाल्यावर दोन बाबी अंदाजपत्रकात दरवर्षी राहू द्याव्यात: वरच्या तावदानांपर्यंत पोचणारी एक शिडी, आणि ती तावदाने वर्षातून दोनदा, दिवाळीपूर्वी आणि पावसाळ्यापूर्वी, पुसणाऱ्या माणसाचा पगार.